पाठीवरचे शिंग

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळांमधून वन्यजीव सप्ताह साजरा होतो आणि आमच्या घरात रंगपेटी बाहेर निघते. माझी मुलगी सहावीत आहे. यंदा तिच्या चित्रकलेच्या स्पर्धेचा विषय होता 'आपल्या राज्याचा प्राणी'. गोव्याचा राज्यप्राणी गवा. तिने एका जुन्या कॅलेंडरवरचे लहानसे चित्र समोर ठेवले आणि तासाभरात गवा तयार केला. काळाभोर, धष्टपुष्ट, चांगला दिसत होता. मी शाबासकीही दिली.

पुढच्या रविवारी सहज म्हणून आम्ही उसगावमार्गे बोंडलाला गेलो. तिथल्या प्राणिसंग्रहालयात गव्याच्या कुंपणापाशी ती बराच वेळ उभी राहिली आणि मग एकदम गप्प झाली. शेजारी चारा टाकणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना काय वाटले कोण जाणे, ते तिला म्हणाले, "ताचे पांय पळय गो बाय. धवे न्हय?"

खरेच की! गव्याचे चारही पाय गुडघ्यापासून खाली पांढरे असतात, पांढरे मोजे घातल्यासारखे. तिच्या चित्रातला गवा नखशिखान्त काळा होता. कॅलेंडरवरच्या चित्रात गवा उंच गवतात उभा होता, त्यामुळे पाय दिसतच नव्हते. तिने म्हशीचे पाय आठवून ते गव्याला जोडले होते. परतताना बसमध्ये ती मला म्हणाली, "बाबा, तुम्हीपण सांगितलं नाहीत." मी काय सांगणार? पन्नाशीकडे झुकलेला मी गोवेकर, गव्याचे पाय मीही तोपर्यंत नीट पाहिले नव्हते.

त्या रात्री मला एका गेंड्याची आठवण झाली. बी.ए.ला इतिहास होता तेव्हा त्याची गोष्ट पहिल्यांदा वाचली होती. तो गेंडा गोव्यातून गेला होता. आणि त्याच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी गोव्यातूनच गेलेला एक पक्षीही आठवला. एकाचे चित्र न पाहता काढले गेले, दुसऱ्याचे समोर बसून. या दोन चित्रांची गोष्ट आज सांगायची आहे.

गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे १५१४ साली आफोन्सो द आल्बुकर्कने वकील पाठवले. गोवा घेऊन चार वर्षे झाली होती आणि आता पोर्तुगीजांना दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती. सुलतानाने परवानगी दिली नाही. पण वकिलांना रिकाम्या हाताने परत पाठवणे शिष्टाचारात बसणारे नव्हते. भेटवस्तूंची देवाणघेवाण झाली आणि त्यात एक जिवंत गेंडा आला. नकार गोड करण्यासाठी दिलेला हा नजराणा! 'गंडा' हेच त्याचे नाव पडले. ओसेम नावाचा त्याचा राखणदारही त्याच्याबरोबर गोव्यात आला.

गेंडा पाळायचा कुठे आणि कसा? आल्बुकर्कने व्यवहारी माणसासारखा विचार केला आणि तो राजा मानुएल याला भेट म्हणून पाठवून दिला. जानेवारी १५१५मध्ये मांडवीतून निघालेल्या जहाजावर गेंडा चढवला गेला. आजही जुन्या गोव्याच्या धक्क्यावर दिवाडीच्या फेरीबोटीची वाट पाहत उभा राहिलो की माझ्या मनात येते, याच पाण्यावरून तो गेला असणार. मोझांबिक, सेंट हेलेना, अझोर्स असे थांबे घेत सुमारे १२० दिवसांनी, २० मे १५१५ रोजी, जहाज लिस्बनला पोचले. रोमन काळानंतर युरोपच्या भूमीवर पाय ठेवणारा हा पहिला जिवंत गेंडा. बेलेंचा प्रसिद्ध बुरूज तेव्हा बांधला जात होता. त्या बुरुजावर एका ठिकाणी दगडात कोरलेले गेंड्याचे डोके आहे, ते याच पाहुण्याचे मानतात.

हत्ती आणि गेंडा यांचे जन्मजात वैर असते, असे प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवले होते. राजा मानुएलला ते पडताळून पाहायचे होते. ३ जून रोजी एका बंदिस्त अंगणात एक तरुण हत्ती आणि गंडा यांना समोरासमोर आणले. गेंडा सावकाश पुढे सरकला, हत्ती बिचकला आणि पळून गेला. एका हत्तीच्या घाबरण्याने प्लिनीचे म्हणणे खरे ठरले असे सगळ्यांनी मानून टाकले!

आता चित्राकडे येऊ. लिस्बनमध्ये व्हालेंतिम फर्नांदिश नावाचा मोरावियाहून आलेला एक मुद्रक राहत असे. त्याने या प्राण्याचे वर्णन करणारे पत्र न्यूरेम्बर्गला पाठवले. कुणी तरी काढलेले एक रेखाटनही जर्मनीत पोचले. न्यूरेम्बर्गला होता आल्ब्रेश्ट ड्यूरर, त्या काळचा युरोपातला फार मोठा चित्रकार. त्याने ससा काढला तर त्याच्या अंगावरचा केस न् केस मोजावा, गवताचे ढेकूळ काढले तर पाते न् पाते वेगळे दिसावे. असा माणूस. पण गेंडा त्याने कधीच पाहिला नाही. पत्र आणि रेखाटन एवढ्यावर त्याने आधी लेखणीने चित्र काढले आणि मग त्याचा लाकडी ठसा केला. साल तेच, १५१५.

ते चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असणार. गेंड्याने चिलखत घातले आहे. छातीवर, पोटावर, मांड्यांवर पोलादी पत्रे बसवल्यासारखे, कडांना रिबिटे ठोकल्यासारखे. पायांवर खवले. आणि गंमत म्हणजे पाठीवर, मानेच्या जरा मागे, आणखी एक लहान पिळाचे शिंग! वर मजकूर आहे, त्यात प्राणी आल्याचे सालही चुकले आहे, १५१३ लिहिले आहे.

यात सगळेच खोटे आहे असे मात्र नाही. भारतीय गेंड्याला नाकावर एकच शिंग असते, ते आहे. पायाला तीन बोटे असतात, ती आहेत. कातडीला खांद्यापाशी आणि मागे मोठ्या घड्या पडतात आणि अंगावर बारीक गाठी असतात. पत्रात त्याचे वर्णन वाचून ड्यूररच्या मनात घड्यांचे पत्रे झाले, गाठींची रिबिटे झाली. न्यूरेम्बर्ग हे चिलखते बनवणाऱ्या कारागिरांचे गाव. ज्याच्या डोळ्यांसमोर रोज चिलखत, त्याला न पाहिलेल्या कातडीतही चिलखतच दिसणार. माझ्या मुलीने म्हशीचे पाय गव्याला लावले, त्यातलाच हा प्रकार, फक्त हात ड्यूररचा होता.

त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायर या चित्रकारानेही याच गेंड्याचा ठसा काढला. गेंडा त्यानेही पाहिला नव्हता, पण जे कळले त्यावर त्याने फारशी भर घातली नाही. त्याचा गेंडा चिलखत नसलेला, खराखुरा जनावर वाटणारा आहे आणि त्याचे पुढचे पाय बांधलेले आहेत. त्या ठशाची एकच प्रत आज उरली आहे, व्हिएन्नात. ड्यूररच्या चित्राच्या मात्र त्याच्या मरणानंतरही आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. कोन्राड गेस्नरने आपल्या प्राणिग्रंथात तेच घेतले. मग गेस्नरवरून दुसऱ्याने, दुसऱ्यावरून तिसऱ्याने. दोनशेहून अधिक वर्षे युरोपातल्या सुशिक्षित माणसाच्या मनातल्या गेंड्याला पाठीवर एक शिंग होते!

हे वाचताना मला हसू येत नाही, कारण मी सरकारी कारकून आहे. एकदा माझ्या टेबलावर एक फाईल आली. त्यात एका जमिनीत विहीर दाखवली होती. आधीच्या टिपणात विहीर, त्याच्या आधीच्या टिपणात विहीर, सगळीकडे 'स्थळपाहणी केली' असा शेरा. मीही तीच ओळ उतरवून सही केली. पुढे मालक एक-चौदाचा उतारा हातात घेऊन येरझाऱ्या घालू लागला, तेव्हा कोणी तरी खरोखर जाऊन पाहिले. विहीर नव्हतीच. कधी काळी शेजारच्या जमिनीतली विहीर कोणाच्या तरी हातून इकडे आली आणि आम्ही सगळ्यांनी सुवाच्य अक्षरात तिची नक्कल केली. त्या मालकाची दोन वर्षे गेली. त्या पानावर माझीही सही आहे. पाठीवरचे शिंग म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळले.

इकडे खऱ्या गंडाचे काय झाले? राजा मानुएलने त्याला पोप दहावा लिओ याच्याकडे भेट म्हणून पाठवले. डिसेंबर १५१५मध्ये तो पुन्हा जहाजावर चढला, गळ्यात फुलांनी सजवलेला हिरवा मखमली पट्टा. वाटेत मार्सेजवळच्या एका बेटावर फ्रान्सच्या राजाने त्याला पाहिले. पुढे इटलीच्या किनाऱ्यावर, पोर्तो व्हेनेरेजवळ जहाज वादळात सापडले आणि बुडाले. गेंडा उत्तम पोहतो. पण हा डेकवर साखळदंडाने बांधलेला होता. ज्याने त्याला गोव्यातून पाठवले तो आल्बुकर्कही १५१५च्या डिसेंबरातच, गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी जहाजावर वारला होता. ज्या दीवसाठी हे सगळे सुरू झाले तिथे किल्ला बांधायला पोर्तुगीजांना १५३५ साल उजाडले.

आता ९७ वर्षे पुढे जाऊ. साल १६१२. गोवा पोर्तुगीजांचे भरभराटलेले बंदर आहे आणि आग्र्याच्या गादीवर जहांगीर आहे. जहांगीरबद्दल आपण मद्य आणि नूरजहान यापलीकडे फारसे बोलत नाही. पण या बादशहाला प्राणी-पक्ष्यांचे विलक्षण वेड होते. त्याने लैला आणि मजनू अशी नावे ठेवलेली सारसांची जोडी पाळली होती आणि त्यांनी अंडी कधी घातली, कोण किती वेळ बसले, पिल्ले कधी निघाली, याच्या बारीक नोंदी लिहून ठेवल्या. आपल्या चोडणच्या अभयारण्याला ज्यांचे नाव आहे त्या सलीम अलींनी मुघल बादशहांच्या या निसर्गनिरीक्षणावर आवर्जून लेखन केले आहे.

जहांगीरने मुकर्रबखान या सरदाराला गोव्याला पाठवले. फिरंग्यांकडे ज्या दुर्मीळ वस्तू मिळतील त्या घे, ते मागतील ती किंमत दे, असा हुकूम होता. मुकर्रबखान परतला तो बरोबर काही विचित्र प्राणी घेऊन. त्यातला एक पक्षी म्हणजे टर्की. मूळचा अमेरिकेतला. पोर्तुगीज भाषेत त्याला 'पेरू' म्हणतात, आपल्या पेरूशी त्याचा संबंध नाही!

जहांगीरने आत्मचरित्रात त्या पक्ष्याचे वर्णन केले आहे. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. डोके आणि मान घडीघडीला रंग बदलते, कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, कधी फिरोजी. डोक्यावरचा मांसल तुरा कधी हत्तीच्या सोंडेसारखा लोंबतो, तर कधी आखडून गेंड्याच्या शिंगासारखा उभा राहतो. गेंड्याच्या शिंगासारखा! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ स्वस्थ बसलो. एका गोव्याच्या पाहुण्याचे वर्णन करताना दुसऱ्याची उपमा, आणि तीही अचूक. कारण जहांगीरने गेंडा पाहिलेला होता.

मग तो एक फार महत्त्वाची गोष्ट लिहितो. आपला पणजोबा बाबर याने आत्मचरित्रात प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढून घेतली नाहीत. मी मात्र वर्णनही लिहिले आणि चित्रेही काढायला लावली, ऐकून वाटणारे आश्चर्य पाहून अधिक वाढावे म्हणून. बाबराने सिंधू नदीकडच्या रानात गेंडे पाहिले होते, त्यांची शिकारही केली होती. वर्णन होतेच. पण ऐकीव वर्णनावरून काय काय होऊ शकते हे आपण न्यूरेम्बर्गात पाहिले आहे.

हे काम आले उस्ताद मन्सूरकडे. जहांगीरने त्याला 'नादिर-उल-अस्र' म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय असा किताब दिला होता. मन्सूरची टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. मी ती फक्त छापील रूपात पाहिली. मागे मोकळा कागद, मध्ये एकटा पक्षी. डोक्यावरची खडबडीत लाल-निळी कातडी, गळ्याखालची लोंबती झालर, पिसांवरच्या बारीक रेघा. त्याला सुंदर करायचा कसलाही प्रयत्न नाही, कुरूपही केलेले नाही. तो जसा आहे तसा आहे.

ही चित्रे होत कशी? कागदाचे थर एकावर एक चिकटवून जाड वसली करायची, ती अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत करायची. आधी बारीक रेघेने आकृती, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, मग खनिज रंगांचे थरावर थर, आणि मधूनमधून पुन्हा घोटणे. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, टोक इतके बारीक की पिसाची एकेक काडी वेगळी काढता यावी. पण कुंचला कितीही बारीक असला तरी डोळ्याने जे टिपले नाही ते तो काढू शकत नाही. ड्यूररचे हत्यार काही कमी बारीक नव्हते. मन्सूरपाशी होता तो पक्षी, बादशहाच्या संग्रहात, रोज पाहता येणारा.

१६२१ साली जहांगीरकडे झेब्रा आला. अंगावरचे पट्टे इतके रेखीव की कोणी रंगवले असावेत अशी शंका आली. बादशहाने चौकशी करून खात्री करून घेतली, पट्टे जन्माचेच होते. मग मन्सूरने त्याचे चित्र काढले आणि झेब्रा इराणच्या शाह अब्बासकडे भेट म्हणून रवाना झाला. 'स्थळपाहणी केली' हा शेरा मारायचा तो असा, पट्टे तपासून!

युरोपात पाठीवरचे शिंग गळून पडायला क्लारा नावाची गेंड्याची मादी यावी लागली. बंगालमध्ये हुगळीकाठच्या एका डच अधिकाऱ्याच्या घरी ती पिल्लू असताना वाढली. १७४१ साली एका डच कप्तानाने तिला रॉटरडॅमला नेले आणि पुढची १७ वर्षे युरोपभर तिकीट लावून दाखवले. १७४९मध्ये पॅरिसला ज्याँ-बाप्तिस्त ऊद्री या चित्रकाराने तिला समोर पाहून पूर्णाकृती चित्र काढले. कॅनव्हास सुमारे १५ फूट रुंद. त्यात घड्या आहेत, पत्रे नाहीत. शिंग एकच आहे.

आणि आपल्याकडे? सवाई माधवराव पेशव्यांना प्राण्यांची आवड होती. पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता, म्हणजे त्या काळचे प्राणिसंग्रहालयच. तिथे बसून गंगाराम चिंतामण तांबट या मराठी चित्रकाराने नोव्हेंबर १७९०मध्ये पेशव्यांच्या गेंड्याचे चित्र काढले. पुण्यातल्या इंग्रज वकिलातीतल्या चार्ल्स मॅलेटसाठी तो काम करीत असे, वेरूळच्या लेण्यांची चित्रेही त्याने काढली. गेंड्याचे चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तांबटांनी ड्यूररचे चित्र पाहिले नसेल तर बरेच झाले. त्यांनी गेंडा पाहिला. ड्यूररचे नाव जगाला ठाऊक आहे, पण शालेय इतिहासात गंगाराम तांबटांचे नाव मला कधी भेटले नाही. याची खंत वाटते.

इथपर्यंत लिहून मी थांबणार होतो. समोर बसून काढलेले चित्र खरे, ऐकून काढलेले खोटे, असा सरळ निष्कर्ष निघतो. पण बोंडलाहून परतताना मुलीने आणखी एक प्रश्न विचारला होता. "बाबा, तो आत नसता तर मला त्याचे पाय दिसले असते का?"

नसते दिसले. रानातला गवा आपल्याला पाय दाखवायला थांबत नाही. हे खरे चित्र त्याच्या कुंपणामुळे झाले. मन्सूरची टर्की समुद्रापार पिंजऱ्यातून आली, क्लारा आयुष्यभर गाडीतून फिरली, झेब्रा एका बादशहाकडून दुसऱ्याकडे गेला. रशियात सेंट पीटर्सबर्गला एक मुघल चित्र आहे, १६२५च्या सुमाराचे, मन्सूरचे मानले जाते. त्यात चार-पाच पक्ष्यांच्या मधोमध एक डोडो उभा आहे. पुढे काही वर्षांनी पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन जिवंत डोडो पाहिल्याचे लिहिले आहे. त्याच शतकात डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला. डोडो जिवंतपणी कसा दिसत होता हे सांगणाऱ्या थोड्या विश्वासू साक्षींपैकी हे चित्र एक आहे. कैदेत पाहून काढलेले.

म्हणून मला वाटते, प्राणी समोर ठेवून चित्र काढणाऱ्यावर एक कर्ज असते. त्या जनावराने आपले रान देऊन स्वतःला पाहू दिले, तर निदान नीट पाहावे. म्हशीचे पाय त्याला लावू नयेत, चिलखत चढवू नये. बुर्कमायरने गेंडा न पाहताही त्याचे बांधलेले पाय काढले, म्हणून त्याच्याबद्दल मला जास्त आपुलकी वाटते. तोच गंडा साखळीने बुडाला. ड्यूररच्या देखण्या चित्रात साखळी कुठेच नाही.

असो. भारतीय गेंडा आज चार हजारांच्या वर आहे, त्यातले बरेचसे आसामात. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

आमच्या घरची बातमी अशी की स्पर्धेचे चित्र केव्हाच देऊन झाले होते, बक्षीस मिळाले नाही. पण मुलीने दुसरा गवा काढला आहे. पाय पांढरे आहेत, पाठीवरचा उंचवटा बरोबर आला आहे, आणि पुढ्यात कुंपणाच्या तारा आहेत. मी म्हटले, तारा कशाला, चित्र खराब दिसते. ती म्हणाली, "पण तिथे होत्या ना, बाबा."

मी पुढे काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात एक फाईल आली, तिच्यावर 'स्थळपाहणी केली' असा शेरा तयारच होता. मी सही केली नाही. डबा घेऊन दुपारच्या बसने जागेवर जाऊन आलो.